थोरल्या कारभाऱ्यांचे पाय

चितारीआप्पा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. समोर राजेसाहेब असोत नाहीतर म्हशी धुणारा गडी, आप्पांची नजर आधी पायांवर जायची आणि बहुतेक वेळा तिथेच मुक्काम करायची. संस्थानचा चितारी, पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या तसबिरी काढणारं घराणं, आणि हा माणूस तोंडच बघत नाही, म्हणून नवखी माणसं बावचळायची. कुणाला वाटायचं म्हातारा लाजतो, कुणाला वाटायचं माजलाय. मला पहिल्या दिवशी वाटलं, माझ्या पायाला शेणबिण लागलंय की काय, म्हणून मी एक पाय दुसऱ्या पायामागे लपवला.

"लपवू नगं," ते म्हणाले. "टाचंला भेगा हायती. लांबनं चालत येतीस. नाव काय?"

मी नाव सांगितलं. ते त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी त्यांची भेगाबाई झाले ती शेवटपर्यंत.

अशी सगळ्यांना नावं होती. राजेसाहेब म्हणजे 'लोणी', कारण त्यांची टाच कधी जमिनीला लागलीच नव्हती. दिवाणसाहेबांना ते 'कुरूप' म्हणायचे. दिसायला दिवाणसाहेब चांगले गोरेगोमटे, नाकीडोळी नीटस, पण उजव्या करंगळीवर त्यांना कुरूप होतं, त्याला आप्पा तरी काय करणार! एकदा मुदपाकखान्यात सगळ्यांदेखत म्हणाले, "आज कुरूप लंगडतंय. कायतरी खोटा हुकूम सुटनार." आणि संध्याकाळी खरंच पागेतल्या चार माणसांना घरी बसवलं. आम्ही बायका पदर तोंडात कोंबून हसलो होतो, त्याची मग लाज वाटली.

आमचं संस्थान सातारा आणि सांगलीच्या मध्ये कुठेतरी होतं. नकाशावर करंगळीच्या नखाखाली झाकलं जायचं. पण त्याला राजा होता, दिवाण होता, दसऱ्याचा दरबार होता आणि एक म्हातारा हत्ती होता. तिथल्या दरबार हॉलातल्या तसबिरी पुसायचं काम मला मिळालं ते मालकांच्या मरणामुळे. आमचे मालक पलटणीत होते. बरम्यात लढाईवर गेले, तिकडून सरकारी कागद आला. राजेसाहेब स्वतः आमच्या दारात आले, मामंजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सून राजवाड्यावर येऊ द्या." सासऱ्यांना आमच्याकडे मामंजी म्हणतात. मामंजी हो म्हणाले, कारण घरात बसून सून खुळी होईल अशी त्यांना धास्ती होती. ती खोटी नव्हती.

आता सांगतेच, लपवायचं काय त्यात. मी विधवा झाले ती कुणाची, हे मला डोळे मिटून आठवता येत नव्हतं. लग्न लागलं आणि आठव्या दिवशी तार आली, रजा रद्द. ते आठ दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं, माझा पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलेला. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडे मान वर करून बघणारी सून म्हणजे बेशरम. अंतरपाट दूर झाला तेव्हा एकदा बघायची सोय होती, तर नेमकी डोळ्यांत अक्षता गेली. मालक रानातून आले की दारात त्यांच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतायचं, एवढा एक संसार मी आठ दिवस केला. फोटो नव्हता. छावणीच्या बाजारात एक फोटो काढलाय, पाठवतो, असं त्यांचं एक पत्र आलं होतं. तो आलाच नाही. शेजारणीकडून एकदा मामंजींना विचारवलं, की ते दिसायला कसे होते. मामंजी म्हणाले, "कसा म्हंजे? मानसागत. माझ्यागत." मामंजींचं तोंड म्हणजे नुसत्या सुरकुत्या. त्यातून मी काय शोधणार?

पै-पाहुण्यांत बायका नवऱ्याच्या आठवणीनं रडायच्या. मला रडताना कुणाला आठवायचं हेच कळायचं नाही. मला तोंड हवं होतं. दुसरं काही नको होतं.

दरबार हॉलात पाऊल टाकलं तेव्हा मी घाबरून गेले होते. लांबलचक हॉल, पडदे ओढलेले, आणि समोरच्या भिंतीवर ओळीनं चार तसबिरी. चारींच्या खाली एकच पाटी: थोरले कारभारी. ही संस्थानची जुनी वंदनीय असामी. दोनशे वर्षांमागे गादी बुडायची वेळ आली, तेव्हा हे कारभारी भर उन्हाळ्यात साताऱ्यापर्यंत अनवाणी चालत गेले आणि संस्थान वाचवून आले, असं आमच्याकडे लहान पोरही सांगायचं. पण चार तसबिरींत चार वेगळी माणसं! पहिलीत गोल तोंडाचा, थोराड माणूस बैठकीवर बसलेला. दुसरीत उभट चेहरा, हातात तलवार. तिसरीत घारे डोळे. चौथी सगळ्यांत मोठी, तेलरंगाची, गोऱ्या चित्रकारांच्या तऱ्हेची. तिच्यात कल्लेवाला गृहस्थ खुर्चीवर बसलेला, पायात तकतकीत काळे बूट. पाचवा खिळा रिकामा होता. आठ डोळे माझ्याकडे बघत होते आणि मला कळत नव्हतं, यातला खरा कुठला.

राजवाड्यातल्या बायका म्हणायच्या, थोरले कारभारी अजून हॉलात फिरतात. सकाळी दार उघडलं की फरशीवर ओली पावलं दिसतात. मी म्हटलं, काहीतरीच. आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतः बघितली. दारापासून तसबिरीपर्यंत अनवाणी पावलं, ओली, नुकतीच उमटलेली. माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. पावलं चौथ्या तसबिरीपाशी जाऊन थांबली होती, आणि तिथे चितारीआप्पा गुडघ्यांवर बसून, नाक जवळजवळ तसबिरीला टेकवून, कारभाऱ्यांच्या बुटांवर फुंकर घालत होते.

"आवं आप्पा, मेले की वं मी!" मी ओरडले. "पाय तरी पुसून यावं मानसानं."

"तसबिरीपुढं पाय धुवून यावं," ते वळूनही न बघता म्हणाले. "पुसून यावं असं कुणी सांगितलंय?"

हा त्यांचा रोजचा नेम होता. दारातल्या घंगाळातलं पाणी पायांवर घ्यायचं, ओल्या पायांनी आत यायचं, बूट तिरक्या नजरेनं बघायचे, 'अजून न्हाई' असं पुटपुटायचं आणि मग तपकिरीची चिमूट ओढायची. बाराही महिने ते अनवाणी असत. मला वाटलं, म्हातारा बुटांची पूजा करतो. गंमत म्हणजे दसऱ्याला सगळे तेच करायचे. रीत अशी, की दरबारानंतर प्रत्येकानं थोरल्या कारभाऱ्यांच्या पायांना हात लावून नमस्कार करायचा. तो नव्या, मोठ्या तसबिरीला करायचा, म्हणजे बुटांना. तिथला रंग बोटांनी घासून मऊ झाला होता.

ओळख जरा मुरल्यावर मी विचारलंच, "आप्पा, ही चार तोंडं का? खरं कुठलं?"

"एकबी न्हाई," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले, की पहिल्यांदा स्टुलावर नीट मांडी घालून बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. थोरले कारभारी गेले तेव्हा त्यांचं एकही चित्र नव्हतं. त्या वेळच्या राजाचं आणि त्यांचं रोज वाजायचं. पण माणूस गेल्यावर राजाला करमेना. त्यानं आप्पांच्या मूळ पुरुषाला हुकूम केला, कारभारी काढ. आता तोंड कुणाला विचारायचं? राजा म्हणाला, नाक लांब होतं. शिलेदार म्हणाले, बसकं होतं. शेवटी चितारी कारभारीणबाईंच्या दारी गेला. बाई दाराआडून म्हणाल्या, "तोंड मी कसं सांगू बाबा? वर बघायची रीत नव्हती. पाय विचार. तीस वर्षं पाणी घातलंय."

आणि बाईंनी पाय सांगितले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. घोट्यावर रिकिबीचा वण. पायाचा अंगठा जरा वर बघणारा. चितारी काढत गेला आणि बाई दाराच्या फटीतून बघून सांगत गेल्या, इथं नव्हे, जरा खाली. शेवटी एकदा बाई आत हुंदका देऊन रडल्या, तेव्हा त्याला कळलं, जमले. तोंड मात्र त्यानं मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याचं लावून दिलं, कारण तो बसायला मोकळा होता.

"म्हंजे एवढी वर्सं लोक आचाऱ्याला नमस्कार करत्यात?"

"पायाला करत्यात. पाय खरं हायती. आमच्या घराण्यात बाप मरताना पोराला एकच सांगतो: तोंड राजाचं, पाय कारभाऱ्याचे. राजा म्हनंल ते तोंड लाव, पायाला हात लावू नगं."

मग प्रत्येक नव्या राजानं आपल्याला आवडेल असा थोरला कारभारी काढून घेतला. एकाला तलवारवाला हवा होता. एकाला आपल्या मामासारखा. मी फडकं टाकून तीन तसबिरींपुढून गुडघ्यांवर फिरले. खरंच होतं. तोंडं तीन, पण डावी करंगळी तिन्हींत शेजारणीच्या खांद्यावर बसलेली. दोनशे वर्षं एक माणूस तोंड बदलत, तेच पाय घेऊन माझ्यासमोर उभा होता.

चौथी तसबीर आप्पांच्या वडिलांनी काढलेली. तेव्हा कुणी गोरा साहेब आला होता, तो हसला म्हणे, तुमचा मंत्री अनवाणी कसा? राजाला ते लागलं. हुकूम झाला, बूट घाला. वडील आठ दिवस घरी बसून राहिले आणि नवव्या दिवशी त्यांनी बूट घातले. त्या दिवसापासून मात्र त्यांनी स्वतः पायात काही घातलं नाही, आणि आप्पांनीही नाही. मरताना वडील म्हणाले, "मी आधी पाय काढले हुते, करंगळीसकट. मग वरनं बूट. पाय आत हायती. तेलरंग म्हातारा झाला की पातळ होतो, आतलं दाखवतो. तू बघ." आप्पा चाळीस वर्षं रोज बघत होते. अजून न्हाई.

पाचव्या खिळ्यासाठी राजेसाहेबांचा हुकूम कधीचाच झाला होता: थोरले कारभारी पुन्हा काढा, तोंड दिवाणसाहेबांचं. आप्पांनी कॅनव्हास ताणून ठेवला आणि सात वर्षं थापा मारल्या. कधी अस्तर वाळायचं असायचं, कधी सांगलीहून रंग यायचा असायचा. दिवाणसाहेब विचारायचे, "काय आप्पा, कुठवर आलं?" आप्पा त्यांच्या करंगळीकडे बघून म्हणायचे, "पायांपर्यंत आलंय, सरकार."

थोरल्या कारभाऱ्यांचं म्हणून एक वाक्य ते सांगायचे: राजाला न्हाई म्हनायला जायचं तर जोडे घरी ठेवून जावं, जोडे घातलेला मानूस निघायच्या घाईत असतो. मला ते भारी आवडलं होतं. मी ते मैत्रिणींना ऐकवत फिरायचे. बोलायला काय जातंय!

कारभारीणबाईंची गोष्ट ऐकली आणि माझी झोपच उडाली. तांब्या, पाणी, वर न बघायची रीत. ती बाई मीच होते. दुसऱ्या दिवशी मी आप्पांपुढे जाऊन उभी राहिले. "आप्पा, माझ्या मालकांची तसबीर काढा."

"फोटो हाय?"

"फोटो असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

"मग तोंड कुटनं आनू? चार खोटी तोंडं झाली आमच्या हातनं. पाचवं माझ्याकडनं न्हाई हुयाचं."

मी हट्ट सोडला नाही. महिनाभर डोकं खाल्लं त्यांचं. शेवटी एकदा मी रागानं फडकं आपटलं आणि म्हणाले, "तुमाला चार तोंडं मिळाली, खोटी का हुईनात! मला एकबी न्हाई. माझ्याजवळ हाय काय? आठ दिसांचं पानी!"

आप्पांनी पाटी-पेन्सिल ओढली आणि म्हणाले, "पानी कुठल्या पायावर आधी घालायचीस?"

"उजव्या."

"मग उजव्यापासनं सांग."

बया, मला वाटलं होतं पाच-सहा गोष्टी सांगून संपेल. पण बोलायला लागले आणि पाय येतच राहिले. बोटं लांब, जराशी फाकलेली. टाचेची भेग आडवी, उभी नाही. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, बैलाचा खूर पडून. पाणी पडलं की बोटं आत ओढून घ्यायची सवय. एकदा पाणी गार होतं तर अंगठ्यानं माझ्या पावलावर हळूच टिचकी मारलेली, तेसुद्धा सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांनी मान वर केली नाही. पुसून काढत राहिले. इथं नव्हे, जरा खाली. नख आणखी रुंद. कितीतरी दिवसांनी एका सकाळी त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकून ओक्साबोक्शी रडले. मालक गेल्यावर पहिल्यांदा मला कळलं, मी कुणासाठी रडतेय.

डोळे पुसून मी म्हणाले, "आप्पा, आता वर जावा."

"वर तू गेली न्हाईस," ते म्हणाले, "मी कसा जाऊ?"

आणि मग फोटो आला! फलटणकडचा एक जवान दार विचारत आला. मालकांनी त्याच्याजवळ दिला होता, सुट्टीत जाशील तेव्हा टपालात टाक म्हणून. हा स्वतः जखमी होऊन दवाखान्यांतून फिरला, पेटी मागे राहिली, ती आता हाती आली. मामंजींनी फोटो उजेडाला धरला. "ह्योच. माझं लेकरू." मग फोटो माझ्या हातात आला. गणवेशातला एक तरणा माणूस, मिशी नुकती फुटलेली, खुर्चीवर ताठ बसलेला. मी बघितलं, पुन्हा बघितलं. परका पुरुष! आत काहीसुद्धा हललं नाही. मी पटकन खाली पायांकडे बघितलं, आणि पायांत पलटणीचे बूट होते.

हे मी कुणाला सांगणार? मामंजींना? आप्पांना सांगितलं. त्यांनी फोटो घेतला, आधी खालीच बघितलं आणि इतके हसले की ठसका लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तपकिरीच्या रुमालानं पुसलं. म्हणाले, "भेगाबाई, आमच्या घराण्याला दोनशे वर्सांत मिळालं न्हाई ते तुझ्याकडं हाय. तोंडबी खरं, पायबी खरं. नुसते भेटले न्हाईत एकमेकांला."

पाचव्या खिळ्यासाठी ताणलेला कॅनव्हास त्यांनी त्याच दिवशी खाली काढला. दिवाणसाहेबांना सांगितलं, रंग चढवतोय. सरकारही खूश. आणि त्या सरकारी कॅनव्हासवर, थोरल्या कारभाऱ्यांच्या जागी, खुर्चीवर माझे मालक बसायला लागले. तोंड फोटोतलं, पाय माझ्या सांगण्यातले. अनवाणी. तेव्हा बाहेर सगळीकडे एकच बोलणं होतं, संस्थानं जाणार. दिवाणसाहेब कागदपत्रांत गढले होते. पाचवी तसबीर बघायला कुणी आलंच नाही.

ती घरी नेली तो दिवस. दोघा गड्यांनी आडवी करून दारातून आत घातली, भिंतीला टेकवली. मामंजी समोर बसले. बराच वेळ मुलाचं तोंड बघितलं. मग नजर खाली गेली.

"बूट कुटं हायती?"

मी म्हटलं, "मामंजी, त्यांचे पाय..."

"पाय सगळ्यांनाच असत्यात!" मामंजी कधी ओरडत नसत, त्या दिवशी ओरडले. "माझ्या आज्यानं काट्याकुट्यातनं मेंढरं राखली, अनवाणी. बापानं अनवाणी नांगरलं. मी ह्या असल्याच पायानं म्हातारा झालो. घरात पयला बूट माझ्या पोरानं घातला. त्यो बूट घालून गेला, बूट घालून मेला. आन्‌ तू काढलास व्हय गं? कोन म्हनंल ह्यो शिपाई हुता?"

मी समोर उभी होते. अनवाणीच होते, जोडे होतेच कुठे मला! थोरल्या कारभाऱ्यांचं वाक्य तोंडपाठ होतं. सांगायचं होतं, की मामंजी, मला यांतले फक्त पायच ठाऊक आहेत, तेवढे ठेवा. पण मामंजी गुडघ्यांत मान घालून बसले होते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी मीच गडी बोलावले आणि तसबीर परत नेली.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं चिडतील, वडिलांचं काढतील, नाही म्हणतील. मनात मी तेच धरून होते, की मी म्हटलं नाही, ते आप्पा म्हणतील.

"बापाचं ऐकायला पायजे," ते म्हणाले. "राजाचं एक येळ ऐकू नये." मग तपकिरीची डबी उघडून तशीच मिटली. "पर तू जोडे घरी ठेवून गेलीस आन्‌ न्हाई मातर म्हनली न्हाईस."

एवढंच. पण आजही कधी अर्धवट जाग आली की ते वाक्य आधी ऐकू येतं.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी चार कारभाऱ्यांच्या चौकटी पुसत राहायचे आणि पाठीमागे कुंचल्याचा आवाज यायचा. त्या तीन दिवसांत एकदाही मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारली. बूट झाले होते. लाल-तपकिरी, नाडीसकट, हुबेहूब पलटणीचे.

"पाय पुसलं न्हाईत," आप्पा म्हणाले. "आत हायती. माझा बाप भ्याला, त्यानं रंग जाड लावला. मी पातळ लावलाय. वाट बघ."

मामंजींना तसबीर पसंत पडली. त्यांनी बुटांवर हात फिरवला आणि तो हात कपाळाला लावला. पुढे रोज सकाळी ते तसंच करायचे, मरेपर्यंत. त्यांच्या सुखात मी माती कालवली नाही, याचं बरंही वाटतं. खोटं कशाला बोलू?

संस्थान खालसा झालं. सरकारी माणसं आली, याद्या झाल्या, चारही थोरले कारभारी गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्ये चढले. कुणी म्हणालं साताऱ्याला नेले, कुणी म्हणालं मुंबईला. मी नंतर पुष्कळ विचारलं, पत्ता लागला नाही. ट्रक निघायच्या आधी आप्पा घंगाळात पाय धुवून आले, चौथ्या तसबिरीवरचं गोणपाट जरा उचकटलं, बुटांवर फुंकर घातली आणि तिरपं बघितलं.

"दिसले?" मी विचारलं.

"अजून न्हाई," ते म्हणाले, आणि गोणपाट नीट बांधून दिलं.

ते सांगलीकडे पुतण्याकडे निघाले. सोबत एक वळकटी आणि रंगांची पेटी. घरून निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं असतं, हे मला माहीत होतं; तरी मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. आधी उजव्या, मग डाव्या. ते हसले असावेत. असावेत म्हणते, कारण मी वर बघितलंच नाही. दोन पावसाळ्यांनंतर पुतण्याचं कार्ड आलं, आप्पा गेले. कार्ड हातात घेऊन बसले आणि ध्यानात आलं, की आप्पांचं तोंड मला आठवत नाही. पाय विचारा. पोटऱ्यांवर शिरा, नखांत निळा रंग, चवडा पुढून रुंद, उजव्या तळव्याला जळल्याचा डाग. एवढी वर्षं समोर बसलेला माणूस, आणि मी परत तीच चूक करून बसले होते.

पुढे मी शिकले, साताऱ्यात ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले. मामंजी गेले. घर बदललं, तसबीर माझ्याबरोबर आली. दर शनिवारी मी ती मऊ फडक्यानं पुसते. पुसताना तोंडाशी हात गेला की मी भरभर पुसून घ्यायचे, परक्या माणसाच्या अंगाला चुकून हात लागावा तसं. मग बुटांशी यायचे, फुंकर घालायचे, तिरपं बघायचे. अजून न्हाई. शेजारच्या मुली म्हणायच्या, बाई बुटांची पूजा करतात.

मागच्या शनिवारी सकाळी खिडकीतून ऊन थेट भिंतीवर आलं होतं. डाव्या बुटाच्या टोकाशी मला काहीतरी फिकट दिसलं. वाटलं, धूळ आहे. पुसलं, जाईना. चष्मा लावला. तपकिरी रंगाच्या आतून, थंडीत गोधडीतून बाहेर यावा तसा, अंगठा वर येत होता. नख मधोमध दुभंगलेलं.

मी तिथेच खाली बसले. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, तरी उठले नाही. मग त्या नखावर बोट ठेवलं आणि तिथून वर निघाले. घोटा, पोटरी, गुडघा, गुडघ्यावर ठेवलेले हात, गळ्याचं बटण. अडखळले, पण थांबले नाही. हनुवटी. नुकती फुटलेली मिशी.

वर ते होते. माझ्या वर्गातल्या पोरांएवढे, आणि माझ्याकडेच बघत होते.